पेशीत टायमर बसवायचाय? आधी टाकी कुठून रिकामी होते ते बघा

दर वर्षी डिसेंबर-जानेवारी आला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच. दादा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, जेनेटिक सर्किट (एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जीन्सची जोडणी) करायचंय, केमिकल टाकल्यावर लगेच नाही तर बरोबर तीन तासांनी बॅक्टेरिया चमकले पाहिजेत, कोणता प्रोमोटर (जीनचं चालू-बंद बटण) घेऊ? मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत मायक्रोबायॉलॉजीच्या क्यूसीला (माल तपासायच्या खात्यात) आहे, सर्किटचं काम एमएस्सीच्या प्रोजेक्टला केलं होतं आणि तेव्हापासून ते डोक्यातून काही जात नाही, म्हणून पोरं मला विचारतात. दरवेळी कॉलेज रोडला चहा पीत पेपर नॅपकिनवर तीच आकृती काढून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधीच सांगतो, हे सगळं ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या के-१२ जातीच्या साध्या लॅब स्ट्रेनसाठी (वाणासाठी) आहे, ज्याने कुणाला काही होत नाही, आणि आउटपुट म्हणजे जीएफपी, हिरवं चमकणारं प्रोटीन. यीस्ट किंवा माणसाच्या पेशींचं गणित वेगळं, तिकडे मी जात नाही.

पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात ती म्हणजे पार्ट्सपासून सुरुवात. कोणता प्रोमोटर, कोणता प्लाझ्मिड (जीन्स वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा), कुठून मागवायचा. मुलगी बघायच्या आधी हॉल बुक केल्यासारखं आहे हे. आधी एक कागद घ्या आणि त्यावर साध्या मराठीत एक वाक्य लिहा: काय दिल्यावर, किती वेळाने, काय व्हायला पाहिजे, आणि दिलेली गोष्ट काढून घेतली तर काय व्हायला पाहिजे. हा शेवटचा भाग नव्वद टक्के पोरं लिहीतच नाहीत आणि तिथेच डिझाइन बदलतं. आणि मग त्या वाक्यातले तास खोडून तिथे पिढ्या लिहा. तीन तास नाही, तीन पिढ्या. पेशीला तुमच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, तिला फक्त आपण किती वेळा दोन झालो एवढंच कळतं. का, ते आता सांगतो.

मळ्यातली टाकी

आमच्या दिंडोरीच्या मामाच्या मळ्यात एक हजार लिटरची काळी टाकी आहे, तिच्या बुडाशी कॉक नीट बसत नाही, सतत गळतो. वरून मोटर चालू. आता अशा टाकीत काय होतं, पाणी कमी असताना गळती कमी, पातळी चढली की दाब वाढून गळती वाढते, आणि एका पातळीला येणारं पाणी आणि जाणारं पाणी सारखं झालं की टाकी तिथेच थांबते. पेशीतलं प्रोटीन डिट्टो असंच वागतं. मोटर म्हणजे जीन, त्यातून दर मिनिटाला ठरावीक प्रोटीन तयार होतं. गळती म्हणजे पेशी वाढून दोन होते तेव्हा प्रोटीन दोघींत वाटलं जाऊन पातळ होतं ते. बहुतेक प्रोटीन ई. कोलायमधे टिकाऊ असतात, तुटत-बिटत नाहीत, त्यामुळे पातळ होणं हीच खरी गळती.

आता यातली गंमत जी मला स्वतःला समजायला सहा महिने लागले. मोटर दुप्पट ताकदीची लावली तर टाकी लवकर भरेल असं वाटतं ना? पातळी दुप्पट उंचीला जाऊन थांबते हे खरं, पण आपल्या *स्वतःच्या* शेवटच्या पातळीच्या निम्म्यावर पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. तो वेळ मोटर ठरवत नाही, गळती ठरवते. टिकाऊ प्रोटीनसाठी हा वेळ बरोबर एक पिढी. म्हणजे मीडियात (पेशींच्या खाद्याच्या द्रवात) पेशी ६० मिनिटांत दुप्पट होत असतील तर ६० मिनिटं, एलबी नावाच्या पौष्टिक मीडियात ३७ डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटांत होत असतील तर तेवढीच. जीनची नक्कल म्हणजे आरएनए बनणं (सेकंदाला ४०-५० अक्षरं), त्यावरून प्रोटीन बनणं (सेकंदाला १५-२० अमिनो आम्लं) हे सगळं एकेका मिनिटाच्या आतबाहेरचं काम आहे, आणि आरएनए पाचेक मिनिटांत निम्मा तुटूनही जातो, त्यामुळे वेळ तिथे शोधू नका. वेळ आहे तो गळतीत.

आणि दुसरी गंमत, जी डिझाइन करताना सगळ्यात कामाची. पुढच्या जीनला आधीच्या प्रोटीनची एक ठरावीक पातळी लागते, तिला आपण उंबरठा म्हणू. समजा भरलेल्या टाकीची पातळी उंबरठ्याच्या दहापट आहे. भरताना उंबरठ्याला पोचायला किती वेळ? शेवटच्या पातळीचा फक्त दहावा भाग गाठायचाय, ६० मिनिटांच्या पिढीत त्याला जेमतेम नऊ मिनिटं लागतात. पण रिकामी होताना? मोटर बंद केली, पातळी दहापटीवरून निम्मी, पाव, अष्टमांश करत उंबरठ्याच्या खाली यायला तीनपेक्षा जास्त पिढ्या, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. तीच टाकी, तोच उंबरठा, चढताना नऊ मिनिटं आणि उतरताना दोनशे. म्हणून माझा नियम, लांब उशीर पाहिजे असेल तर तो भरण्यात शोधू नका, रिकामं होण्यात ठेवा. हे कळलं की अर्धं डिझाइन झालं.

मग सर्किट कसं

तर "केमिकल दिल्यावर तीन तासांनी चमक" याचा अर्थ असा लावायचा की केमिकल दिल्यावर एखाद्या रिप्रेसरचं (दुसऱ्या जीनला दाबून बंद ठेवणाऱ्या प्रोटीनचं) उत्पादन थांबलं पाहिजे, तो रिप्रेसर पातळ होत होत उंबरठ्याखाली गेला पाहिजे, आणि तोपर्यंत त्याने दाबून धरलेला जीएफपी मग सुटला पाहिजे. यासाठी टेटआर, लॅकआय आणि सीआय या तीन रिप्रेसरांची साखळी अशी:

टेटआर कायम बनत राहतो आणि लॅकआयला दाबून ठेवतो. लॅकआय नाही म्हणून लॅम्डा फाजचा (बॅक्टेरियावर जगणाऱ्या एका व्हायरसचा) सीआय मोकळेपणाने बनतो. सीआय भरपूर म्हणून जीएफपी बंद. आता अॅनहायड्रोटेट्रासायक्लिन टाका, सगळे एटीसी म्हणतात, ते टेटआरला धरून बाजूला काढतं, लॅकआय भरायला लागतो (हे झटपट, भरणं झटपट असतं), लॅकआय सीआयची मोटर बंद करतो, सीआय हळूहळू उतरतो (इथे आपले तीन तास), आणि मग जीएफपी सुटतो.

ही साखळी माझ्या डोक्यातली नाही. प्रिन्स्टनच्या एका ग्रुपने २००५ मधे अशाच टेटआर, लॅकआय, सीआयच्या एक-दोन-तीन पायऱ्यांच्या साखळ्या बनवून मोजल्या होत्या. त्यात दिसलं की पायऱ्या वाढवल्या की स्विच जास्त कडक होतो, म्हणजे थोडं एटीसी इकडेतिकडे झालं की एकदम चालू किंवा बंद, पण त्याचबरोबर पेशीपेशींमधला ताळमेळही बिघडत जातो, एक आत्ता चमकते तर शेजारची अजून झोपलेली. म्हणून पायऱ्या वाढवून उशीर वाढवायचा मोह आवरा. तीनच्या पुढे जाऊ नका.

नॅपकिनवरचं गणित

उशीर म्हणजे काय, तर सीआयची सुरुवातीची पातळी किती वेळा निम्मी केली की उंबरठ्याला पोचते, तेवढ्या पिढ्या. आठपट असेल तर तीन वेळा. पिढी ६० मिनिटांची असेल तर तीन तास. संपलं. लॉग टेबलही नको.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. उशीर एक तासाने वाढवायचा असेल तर सीआय दुप्पट बनवावा लागेल, दोन तासांनी वाढवायचा तर चौपट, चार तासांनी तर सोळापट! आणि पेशी काही फुकट काम करत नाही, एवढं प्रोटीन बनवायला लावलं की ती दमते, वाढ मंदावते, आणि वाढ मंदावली की गळतीच बदलते म्हणजे घड्याळच बदलतं. म्हणून या पद्धतीने साध्या मीडियात दोन ते चार तासांचा उशीर आरामात मिळतो, रात्रभराचा मागू नका.

कमी करायचा असेल तर? तिथे पोरं शेपटी लावतात. प्रोटीनच्या शेवटी छोटा टॅग, एसएसआरए म्हणतात त्याला, पेशीतली क्लिपएक्सपी नावाची यंत्रणा तो टॅग ओळखून प्रोटीन कुरतडून टाकते. १९९८ मधे जीएफपीवर असे टॅग लावून मोजले होते, एलव्हीए नावाच्या टॅगने निम्मं व्हायला साधारण ४० मिनिटं, एएसव्हीने ११० च्या आसपास. मागच्या वर्षी एक मुलगी हिशोब घेऊन आली, छान सुबक अक्षरात. पिढी ६० मिनिटं, टॅगचे ४०, दोन्ही गळत्या एकत्र केल्या (साठ गुणिले चाळीस भागिले शंभर) तर निम्मं व्हायला २४ मिनिटं. बरोबर. सीआय उंबरठ्याच्या आठपट, म्हणून तीन वेळा निम्मं, तीन गुणिले २४ म्हणजे ७२ मिनिटं. मी म्हटलं थांब. आठपट कधी होता?

कधी होता, तर टॅग नसताना. भोक मोठं केल्यावर टाकीची पातळीसुद्धा खाली येणार ना! गळती अडीचपट झाली म्हणजे सुरुवातीची पातळी आठपटीऐवजी ३.२ पट. ती उंबरठ्याला यायला पावणेदोन वेळासुद्धा निम्मी व्हावी लागत नाही, म्हणजे ४० मिनिटं. बहात्तर आणि चाळीस, फरक बघा. तिला बहात्तरच पाहिजे असतील तर सीआयचा आरबीएस (आरएनएवरची प्रोटीन बनायला सुरुवात होते ती जागा) अडीचपट जोरकस घ्यावा लागेल, म्हणजे भोक मोठं केलं तर मोटरपण मोठी. टॅग एकाच वेळी दोन ठिकाणी घाव घालतो, हे ध्यानात ठेवा. आणि एक टॅग एका प्रोटीनपुरता ठीक, पण चार-पाच प्रोटीनांना टॅग लावले की सगळे त्याच कुरतडणाऱ्या यंत्रणेच्या दारात रांग लावतात, मग एकाचा वेग दुसऱ्याच्या गर्दीवर अवलंबून. सीबीएस बसस्टँडला सणाच्या दिवशी तिकीट खिडकीवर होतं तसंच.

एक्सेलमधे करून बघा, लाजू नका

पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर एक्सेल पुरतं. एक ओळ म्हणजे एक मिनिट. चार कॉलम, वेळ, लॅकआय, सीआय, जीएफपी. सगळ्या पातळ्या उंबरठ्याच्या पटीत मोजा म्हणजे उंबरठा एक होतो आणि डोकं शांत राहतं. गळतीचा आकडा ०.६९३ भागिले ६०, म्हणजे ०.०११६. लॅकआयचा कॉलम शून्यापासून सुरू, पुढची ओळ म्हणजे आधीचं अधिक ०.११६ वजा आधीचं गुणिले ०.०११६, तो दहापर्यंत चढेल. सीआय आठपासून सुरू, त्याचं उत्पादन म्हणजे ०.०९३ भागिले (एक अधिक लॅकआयचा वर्ग), त्यातून तीच गळती वजा. जीएफपीचं उत्पादन तसंच, एक भागिले (एक अधिक सीआयचा वर्ग). खाली चारशे ओळी ओढा आणि ग्राफ काढा.

सीआय एकच्या खाली कुठे जातो बघा. माझ्याकडे तीन तास वीस ते पंचवीस मिनिटांच्या मधे येतो. नॅपकिनवर तीन तास होते, वरची वीस-पंचवीस कुठून आली, तर लॅकआय भरेपर्यंत सीआयची मोटर लगेच बंद होत नाही, आणि पूर्ण बंद तर कधीच होत नाही, थोडी ठिबकत राहते. आता आकडे खेळवा. सीआयची सुरुवात आठऐवजी सोळा करा (उत्पादनही दुप्पट करायला विसरू नका), गळती ०.६९३ भागिले २५ करा. अर्धा तास हे खेळलात ना की दहा पेपर वाचून जे कळत नाही ते बोटांत येतं. पार्ट्सची ऑर्डर त्यानंतरच.

आता पार्ट्स

इथे मी भरभर जातो कारण पर्याय भरपूर आहेत. होस्ट असा निवडा की ज्यात स्वतःचा लॅकआय नाही, नाहीतर तो तुमच्या सीआयला पहिल्या दिवसापासून दाबून ठेवेल आणि सर्किट कायम चालूच दिसेल. स्ट्रेनच्या नावापुढची ती लांबलचक जीनोटाइप वाचायचा कंटाळा करू नका, काही कॉमन स्ट्रेन्समधे तर लॅकआय जास्तीचा भरलेला असतो. स्ट्रेन मागवायला पुण्याच्या एनसीएलमधलं एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं संग्रहालय आपल्याला जवळ, नाहीतर चंदीगडचं एमटीसीसी, दोन्हीकडे कॉलेजच्या लेटरहेडवरून व्यवहार होतो.

सीआयसाठी साधा लॅक प्रोमोटर नको, ग्लुकोज असलं की तो आपोआप मंद होतो आणि तुम्ही भलतीकडेच कारण शोधत बसाल. लॅकआयने बंद होणारा पण ग्लुकोजशी देणंघेणं नसलेला कृत्रिम प्रोमोटर घ्या. प्लाझ्मिड कमी कॉपीचा, पीएससी१०१ घराण्यातला म्हणजे पेशीत पाचेक प्रती, किंवा पी१५ए म्हणजे पंधराच्या आसपास. पीयूसीसारखे शेकडो प्रतींचे प्लाझ्मिड क्लोनिंगला छान, सर्किटला नाही, इतक्या प्रतींच्या ऑपरेटरवर (रिप्रेसर बसायच्या जागांवर) रिप्रेसर नुसता वाटून संपतो. आणि तीन जीन्सना तोच तो टर्मिनेटर (जीन संपल्याची खूण असलेला डीएनएचा तुकडा) तीन वेळा लावू नका, सारखे तुकडे आपसात जुळून मधला भाग गाळून टाकतात, पेशीला तर ओझं उतरवायचंच असतं. वेगवेगळे टर्मिनेटर लावा.

जीएफपी लवकर पिकणारा घ्या. हो, पिकणारा. प्रोटीन बनलं म्हणजे लगेच चमकत नाही, आत रंग तयार व्हायला वेळ लागतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. सुपरफोल्डर जातीचे मिनिटांत पिकतात, जुने फार वेळ घेतात. याचा वेळ वजा करायची सोपी युक्ती म्हणजे तुलनेसाठी दुसरा एक कंट्रोल बनवा, ज्यात एटीसी थेट जीएफपी चालू करतो, मधे काही नाही. दोन्ही एकाच दिवशी एकाच मीडियात लावा. कंट्रोल चमकल्यापासून सर्किट चमकेपर्यंतचा वेळ हाच तुमचा उशीर. हा कंट्रोल नसेल तर तुमचा आकडा मी मानत नाही, गाईडने मानला तरी.

बाकावर

रात्रभराचं कल्चर (मीडियात वाढवलेल्या पेशी) सकाळी थेट वापरू नका. त्यातल्या पेशी वाढ थांबवून बसलेल्या असतात, म्हणजे गळती बंद, सगळ्या टाक्या भलत्याच पातळीला. ताज्या मीडियात पातळ करून आधी तीन-चार पिढ्या जोरात वाढू द्या, मग एटीसी. प्रमाण साधारण मिलीला १०० नॅनोग्रॅम, जास्त टाकलं तर तेच पेशींना त्रास देतं. एटीसीची बाटली फॉइलमधे गुंडाळून फ्रीझरमधे, उजेडात खराब होतं.

मग ओडीचा, म्हणजे कल्चर किती दाट झालं त्या आकड्याचा, हिशोब. साडेतीन पिढ्यांचा उशीर म्हणजे तेवढ्या वेळात कल्चर साधारण अकरापट. ०.०२ ओडीला एटीसी टाकलं तर चमक सुरू होईपर्यंत ०.२ च्या वर, आणि पुढे दोन तास ग्राफ चढताना बघायचा तर ०.९ च्या आसपास, तोपर्यंत वाढ मंदावायला लागलेली. म्हणून मधे एकदा कल्चर पातळ करा, पण ज्या मीडियाने पातळ कराल तो ३७ डिग्रीला आधी गरम केलेला आणि त्यात तितकंच एटीसी असलेला. फ्रीजमधून काढून थंड मीडिया ओतला की टायमरला झटका. दर दहा-पंधरा मिनिटांनी ओडी आणि फ्लुओरोसन्स (चमक) दोन्ही, आणि ग्राफ काढताना नुसता फ्लुओरोसन्स नको, ओडीने भागून. नाहीतर पेशी वाढल्या म्हणून चमक वाढली आणि जीन सुटला म्हणून वाढली यात फरकच दिसणार नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एमएस्सीला जानेवारीत रात्रीची रीडिंग घेत होतो, नाशिकची थंडी, स्वेटरवर एप्रन, आणि सर्किट तीन तासांऐवजी पावणेपाच तासांनी चमकलं. परत केलं तर सव्वातीन. परत केलं, साडेचार. मी ठरवून टाकलं की सीआयचा आरबीएस चुकीचा आहे, दोन आठवडे क्लोनिंग करत बसलो, नवीन आरबीएस टाकला, तोही कधी तीन कधी साडेचार. शेवटी एका ज्युनिअरने माझ्या वहीतले ओडीचे आकडे घेऊन लॉग पेपरवर टिंबं मांडली. ज्या रात्री उशीर जास्त, त्या रात्री रेषेला मधेच कोपरा. सरळ चढत असलेली रेषा एका ठिकाणी वाकून निम्म्या चढाने जात होती. आणि वहीच्या मार्जिनमधे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "१.१० लाइट गेली, १.३५ आली". जनरेटर ऑफिसच्या बाजूला, इन्क्युबेटर इकडे. लाइट परत आल्यावर शेकर चालू झाला पण हीटर ट्रिप होऊन बसला होता, पुढचे दोन-तीन तास कल्चर ३७ ऐवजी तिशीच्या खाली. तिशीला ई. कोलाय साधारण निम्म्या वेगाने वाढतो. सर्किट अगदी बरोबर होतं, त्याने पिढ्या बरोब्बर मोजल्या होत्या, मीच तास मोजत होतो. पावणेपाच तासांचा ग्राफ पिढ्यांत काढला तर तीन पूर्णांक काहीतरी, सगळ्या रात्री एकावर एक बसल्या.

म्हणून ग्राफच्या खालच्या अक्षावर तास नाही तर झालेल्या पिढ्या टाका. ओडी सुरुवातीच्या किती पट झाला, तो आकडा दोनाच्या कितव्या घातात बसतो, बस. आणि इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, आत पाण्याच्या फ्लास्कमधे एक थर्मामीटर कायम ठेवा, दोनशे रुपयांचं काम आहे.

वेगळं काही हवं असेल तर

वरचं सर्किट केमिकल टिकून राहिलं तर उशिरा चालू होतं. पण कागदावरचं वाक्य वेगळं असेल तर जोडणी वेगळी. क्षणभर आलेला सिग्नल दुर्लक्षित करायचा आणि टिकून राहिलेलाच ऐकायचा असेल तर फीडफॉरवर्ड लूप, म्हणजे पहिला जीन तिसऱ्याला थेट चालू करतो आणि दुसऱ्यामार्फतही, आणि तिसरा दोघांची सही असल्याशिवाय हलत नाही. चालू व्हायला उशीर, बंद व्हायला उशीर नाही. ई. कोलायची अरॅबिनोज साखर पचवायची यंत्रणा मुळातच अशी आहे, इस्रायलच्या उरी अलॉन यांच्या ग्रुपने २००३ मधे मोजलं तेव्हा तिथे वीसेक मिनिटांचा उशीर निघाला. त्यातला एक बाण उलटा करून दुसरा जीन दाबणारा केला की उशीर जाऊन पल्स मिळतो, चढला आणि उतरला. उलट घाई असेल तर जीनला स्वतःलाच दाबायला लावा, मोटर मोठी ठेवा आणि पातळी आली की ती स्वतःच बंद होऊ द्या. २००२ मधे असं करून वाढीचा वेळ पिढीच्या पाचव्या भागावर आणला होता. एकदा चालू झाल्यावर केमिकल काढलं तरी चालूच राहायला हवं असेल तर दोन रिप्रेसर एकमेकांना दाबणारा टॉगल.

आणि पुन्हापुन्हा चमकणारं-विझणारं हवं असेल तर, बाबांनो, पहिल्या प्रोजेक्टला नको. एलोविट्झ आणि लायब्लर यांनी २००० साली तीन रिप्रेसर गोल जोडून केलं ते, साधारण दीडशे मिनिटांची एक फेरी, पण जेमतेम ४० टक्के पेशींत फेऱ्या दिसल्या, त्याही मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी बघून. फ्लास्कमधे सगळ्यांची सरासरी घेतली तर काहीच दिसत नाही, कारण कुणी वर कुणी खाली. कॉलेजकडे तसा मायक्रोस्कोप नसेल तर विषय सोडा.

परवानगीचं राहिलं. रीकॉम्बिनंट काम घरच्या किचनमधे नाही, आणि कॉलेजमधेसुद्धा संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, आयबीएससी, असल्याशिवाय नाही. बहुतेक पोरांना ही कमिटी आपल्या कॉलेजात आहे की नाही हेच माहीत नसतं, तर पहिल्या आठवड्यात विचारा, मंजुरीला वेळ लागतो. नसेल तर जिथे आहे तिथे दोन महिने जागा मागा, आणि तोपर्यंत एक्सेलचा भाग पूर्ण करून ठेवा, तो भाग कुठेही होतो. वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) मगच टाकायचं, बेसिनमधे ओतायचं नाही, इथल्या बेसिनचं पाणी शेवटी गोदेलाच जातं.

एवढं करून अडलात तर मेसेज करा, पण चमकीचा ग्राफ पाठवू नका. आधी ओडीचा पाठवा, लॉग स्केलवर, आणि त्या रात्री लाइट किती वाजता गेली होती ते.